केसपेपर काढलाय का?

आमच्या विश्रांतवाडीकडच्या सरकारी दवाखान्यात माणूस चालत येवो, लंगडत येवो की रिक्षातून आडवा येवो, पहिला प्रश्न ठरलेला: "केसपेपर काढलाय का?" काय होतंय, कधीपासून होतंय, ते सगळं नंतर. डोक्याला खोक पडलेल्या माणसाला लगेच आत घेतात, त्यात कुचराई नाही. पण त्याच्या मेव्हण्याला बाहेर खिडकीपाशी धरून ठेवतात. नाव? वय? पत्ता? मेव्हण्याला दाजींचं वय कुठं ठाऊक असतं! "लिहा चाळीस." "आधारवर काय आहे?" "आधार त्यांच्या खिशात आहे." "मग घेऊन या." आत डॉक्टर टाके घालतायत आणि मेव्हणा पेशंटचे खिसे चाचपतोय, हे दृश्य ज्यानं पाहिलं नसेल त्यानं सरकारी दवाखाना पाहिला असं म्हणू नये.

दवाखाना महापालिकेचा असो नाहीतर राज्य सरकारचा, लोकांच्या तोंडी तो सरकारीच. यावरून मध्यंतरी बरीच वादावादी झाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचेही पैसे बंद झाले. पैसे गेले, पेपर मात्र राहिला. महापालिकांचे दवाखाने या निर्णयात नव्हते. ही बारीक ओळ टीव्हीवर कुणी वाचली नसावी, कारण पुढं कितीतरी दिवस खिडकीवर एकच संवाद ऐकू यायचा.

"टीव्हीवर तर फुकट सांगितलं."

"ते राज्य सरकारचं, काका. ही महापालिका आहे."

"म्हणजे महापालिका सरकार नाही?"

खिडकीतल्या मॅडम यावर गप्प बसायच्या. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकालाही जड जाईल असा प्रश्न होता, आणि मागं चाळीस माणसं उभी होती.

आता खिडकीशेजारी क्यूआर कोडचं स्टिकर लागलंय. मोबाइलनं स्कॅन करा, टोकन घ्या, नाव-पत्ता सांगत बसायला नको. योजना चांगली आहे. फक्त मिळालेलं टोकन दाखवायला त्याच रांगेत उभं राहायचं असतं. शिवाय आजीचा मोबाइल नातवाकडं आणि नातू कॉलेजात. मग सिक्युरिटीचे दादा ज्याचा त्याचा मोबाइल हातात घेऊन स्कॅन करून देतात. त्यांच्यापुढं वेगळी रांग लागते, ती निराळीच.

केसपेपरची टिंगल आपण करतो; त्याची किंमत मात्र साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी काखोटीला मारून आलेल्या आजीला विचारावी. त्या पिशवीत तिचं सगळं चरित्र असतं. रेशनकार्डाची झेरॉक्स, लाइटबिल, पासपोर्ट फोटो, गुंडाळी केलेला एक्स-रे आणि घडीवर घडी घालून कडक झालेले पेपर. डॉक्टर मॅडम म्हणतात, "आजी, शेवटचा पेपर द्या." आजी पहिल्यापासून सुरू करते. "हा बघा, यात पाय दुखत होता." "आज काय दुखतंय?" "तेच सांगते ना बाई, आधी पाय दुखत होता." तोवर पिशवीतला एक्स-रे बाहेर येतो. तो खिडकीच्या उजेडात धरल्यावर कळतं की तो आजीचा नाहीच, गेल्या वर्षी पडलेल्या आजोबांचा आहे. आजी तो काढून घेत नाही. "आता निघालाच आहे, तर बघून घ्या त्यांचाही," म्हणते.

हे सगळं किती वेळात उरकायचं? डॉक्टर पेशंटला किती वेळ देतात याचा ६७ देशांचा आढावा २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. आपण साधारण दोन मिनिटांच्या आसपास. स्वीडनमधला पेशंट साडेबावीस मिनिटं डॉक्टरांपुढं बसून काय बोलत असेल, हे मला आजवर उमगलेलं नाही. एवढ्या वेळात आमच्याकडं गुडघा, जावई आणि सोसायटीचं पाणी हे तिन्ही विषय निकालात निघून वर धाकट्याच्या लग्नासाठी स्थळही सुचवून झालं असतं.

त्यातही विश्रांतवाडीची दोन मिनिटं ही पुरती दोन मिनिटं नसतात, कारण शेजारी लोहगाव आहे. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, "मोठा श्वास घ्या" म्हणतात आणि नेमकं त्याच वेळी हवाई दलाचं सुखोई डोक्यावरून जातं. खिडकीच्या काचा थरथरतात, बीपीच्या मशीनचा पट्टा टेबलावर हलतो. डॉक्टर स्टेथोस्कोप तसाच धरून वर छताकडं बघतात. पेशंट श्वास कोंडून बसलेला. विमान लांब गेलं की डॉक्टर म्हणतात, "हं, सोडा आता." नवीन आलेला डॉक्टर पहिल्या आठवड्यात दचकतो. नंतर मात्र त्यालाही सवय होते, आणि तेवढ्या वेळात तो मागच्या पेशंटचा पेपर लिहून घेतो.

डॉक्टरांच्या वाट्याला ही अशी दोन मिनिटं येतात. उरलेला दवाखाना बाकीची माणसं चालवतात, आणि त्यात पेशंट सर्वांत पुढं. खरी तपासणी बाकावर होते. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला आपल्या पोटात कसं कसं होतं हे ज्या बारकाईनं सांगितलं जातं, त्याच्या निम्म्यानंही डॉक्टरांना सांगितलं जात नाही. डॉक्टरांपुढं सगळं "बरं वाटत नाही" या तीन शब्दांत आटोपतं. बाकावरचा सल्लाही ठाम असतो. "तुम्हाला कोणती गोळी दिलीय? पांढरी? मग काही काळजी करू नका, आमच्या ह्यांना तिचाच गुण आला." तापाची गोळी पांढरी, साखरेची पांढरी, कॅल्शियमची पांढरी. ह्यांना कशाचा गुण आला ते देव जाणे.

आणि रंगावरून गोळी ओळखणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही, सरकारनंही शेवटी हाच मार्ग धरला. रक्तवाढीची गोळी लहान मुलांना गुलाबी, किशोरवयीन मुलामुलींना निळी आणि गरोदर बायकांना लाल. आशाताई वस्तीत जाऊन विचारतात तेव्हा "आयर्न फॉलिक ॲसिड घेतलं का?" असं थोडंच विचारतात? त्या म्हणतात, "लाल गोळी संपली का गं?" उत्तरही लगेच येतं: "संपली." ती पोटात संपली की डब्यात जाऊन संपली, हे शोधून काढायला आशाताईंना डब्याचं झाकण उघडावं लागतं. त्या उघडतात.

या दवाखान्यात फक्त गोरगरीब येतात, असा धानोरी रस्त्यावरच्या उंच इमारतींतल्या काही मंडळींचा समज असतो. तो कुत्रं चावेपर्यंत टिकतो. रेबीजच्या इंजेक्शनची रांग ही आमच्या भागातली खरी लोकशाही. आयटीवाला, त्याच्या घरी भाजी पोचवणारा, फुलेनगरचा रिक्षावाला, आरटीओत लायसन्सच्या ट्रायलला आलेला आणि तिथंच चावा बसलेला मुलगा, सगळे एका बाकावर. बाकीच्या रांगांत लोक कुरकुरतात. या रांगेत गोष्टी सांगतात. प्रत्येकाचं कुत्रं दुसऱ्याच्या कुत्र्यापेक्षा मोठं. एखादे काका पोटावर हात ठेवून सांगणार, "आमच्या वेळी चौदा घ्यावी लागायची, तीही इथं." ते खोटं बोलत नाहीत. पोटात चौदा इंजेक्शनं देण्याची ती जुनी लस होतीच. देशात तिचं उत्पादन २००४ मध्ये थांबलं. आता दंडात घ्यायची, स्नायूत देतात तिथं पाच: शून्याव्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. या शून्याव्या दिवसावर सिस्टरचा बराच वेळ जातो. "शून्यावा म्हणजे कधी यायचं?" "आलाय की आज." "मग आज पहिला ना?" "आज शून्यावा." "पण इंजेक्शन तर पहिलं!" आयटीवाल्याला हे लगेच कळतं, त्यांच्याकडं मोजणी शून्यापासूनच असते म्हणे. तोच मग सगळ्या रांगेला तारखा काढून देतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जो माणूस कधी तोंड उघडत नाही, तो इथं पाचसहा जणांचे पेपर हातात घेऊन बसलेला असतो.

सिस्टर चिडतात त्या जखमेवर हळद, चुना, नाहीतर मिरचीपूड भरून आलेल्यांवर. "ही मिरची कुणी लावली?" "आमच्या आईनं." "आईंना म्हणावं, पुढच्या वेळी कुत्र्याला लावा." मग नळाखाली साबण लावून जखम धुवायला उभं करतात, चांगली पंधरा मिनिटं. खरं म्हणजे हे पहिलं काम घरीच व्हायला हवं होतं आणि त्याला साबणापलीकडं काही लागत नाही. चावा खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीबरोबर जखमेत सिरमही द्यावं लागतं, ते छोट्या दवाखान्यात नसतं. मग चिठ्ठी मिळते मोठ्या रुग्णालयाची. चिठ्ठी घेताना माणसाचा चेहरा उतरतो. त्याला कुत्र्याची भीती उरलेली नसते. तिथं गेल्यावर नवा केसपेपर काढावा लागेल, ही भीती असते.

बाळांच्या लसीकरणाच्या दिवसाबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्या दिवशी आत कुणाचं काही ऐकूच येत नाही. पहिलं बाळ रडलं की बाहेरची, अजून सुई न पाहिलेली बाळंही सुरू होतात. या गदारोळात सिस्टर प्रत्येक आईला चार गोष्टी सांगतात: कोणती लस दिली, तिनं काय होऊ शकतं, पुढची तारीख कोणती आणि कार्ड जपून ठेवा. आई मान डोलावते. बाहेर आल्यावर सासूबाई विचारतात, "काय म्हणाल्या?" "कार्ड जपून ठेवा म्हणाल्या." कागद जपायची बाराखडी आपल्याकडं वयाच्या सहाव्या आठवड्यापासून सुरू होते ती अशी.

आता मावशींकडं येऊ. दवाखान्यात अनोळखी माणूस आत पाऊल टाकताच त्याचं आजोळ तयार होतं. आयाबाई मावशी, वॉर्डबॉय मामा. त्यातही मावशींचा अधिकार मोठा. डॉक्टर कुठं आहेत, ड्रेसिंगवाले कधी येतील, कोणत्या खोलीचा पंखा चालतो आणि व्हीलचेअर कुठं लपवून ठेवलीय, ही माहिती कोणत्याही फलकावर नसते. ती मावशींकडं असते. सकाळी साडेदहाच्या सुमाराला, ओपीडी ऐन भरात असताना, त्या फिनेलची बादली घेऊन येतात आणि एकच हुकूम सोडतात: "पाय वर." सगळा बाक एकदम पाय वर घेतो. गरोदर बाई घेते, आजोबा काठीसकट घेतात, प्लॅस्टर घातलेला तरुण दोन्ही हातांनी आपला पाय उचलून धरतो. घाईघाईनं निघालेले एक डॉक्टर ओल्या फरशीच्या काठाशी थबकलेले मी पाहिलेत. पलीकडं पेशंट, अलीकडं डॉक्टर, मधे फिनेल. "मावशी, जाऊ?" "थांबा, वाळू द्या." आणि ते थांबले.

यातल्या बऱ्याच मावशी ठेकेदाराच्या माणसांत मोडतात. पगार कायम नोकरीवाल्यांपेक्षा कितीतरी कमी, आणि तोही कधी वेळेवर तर कधी पुढच्या महिन्यात. तरी रात्री दोनला वॉर्डात एखाद्या म्हातारीनं "कोण आहे गं?" म्हटलं की उठून जातात त्याच. पुरस्कार कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या समितीत मला कधी कुणी घेणार नाही, पण घेतलंच तर काम दोन मिनिटांत आटपेन.

भिंतीवर एक फलक असतो. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांना मारहाण केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, शिवाय मोडतोड केल्यास त्याच्या दुप्पट भरपाई. कायदा २०१० चा. त्याचं नाव असं: महाराष्ट्र वैद्यकीय सेवा व्यक्ती आणि वैद्यकीय सेवा संस्था (हिंसक कृत्ये आणि मालमत्तेची हानी किंवा नुकसान यांना प्रतिबंध) अधिनियम. माझा अंदाज असा की हे नाव मुद्दामच एवढं ठेवलंय. चिडून आलेला माणूस ते शेवटपर्यंत वाचेल तर कंसाशी पोचेपर्यंत निवळतो. दुर्दैवानं चिडलेली माणसं फलक वाचत नाहीत, आणि मार बहुधा खातो तो छत्तीस तास न झोपलेला शिकाऊ डॉक्टर, ज्याच्या हातात ना औषधखरेदी, ना खाटांची संख्या.

छोट्या दवाखान्यात जमलं नाही की दोन शब्द कानावर पडतात: "ससूनला न्या." ससूनच्या नावाला आमच्याकडं सगळे घाबरतात आणि वेळ आली की सगळे तिथंच जातात. डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून उभं राहिलेलं हे रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं. नदीच्या आमच्या बाजूनं ससूनला हलवलेला सर्वांत नामांकित पेशंट म्हणजे महात्मा गांधी. येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना ॲपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं ऑपरेशन केलं. बाहेर वादळ. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकलं. त्याआधी संमतीच्या कागदावर सही झालेली होतीच. साम्राज्याविरुद्ध असहकार पुकारलेल्या माणसाचीही सहीच्या कागदातून सुटका नव्हती, तिथं आपल्या मेव्हण्याचं काय घेऊन बसलात! पुढं ५ फेब्रुवारीला सरकारनं गांधीजींची सुटका केली. दवाखान्यातून थेट शिक्षामाफीचा डिस्चार्ज मिळालेला दुसरा पेशंट मला तरी ठाऊक नाही.

ससूनला जाताना वाटेत मेंटल हॉस्पिटल कॉर्नर लागतो. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९१५ पासूनचं, अडीच हजारांहून जास्त खाटांचं. "विश्रांतवाडीला राहता? म्हणजे येरवड्याच्या पलीकडं की अलीकडं?" असं विचारून डोळे मिचकावणारा पाहुणा प्रत्येक घरी एक असतोच. त्याला सांगावं की तिथंही बाह्यरुग्ण विभाग आहे, झोप येत नाही म्हणून, मन लागत नाही म्हणून माणसं स्वतःच्या पायांनी येतात, तपासून घेतात आणि बसनं घरी जातात. पाहुण्याचा विनोद मात्र पन्नास वर्षं एकाच औषधावर चाललाय.

वर्षातून एक दिवस आमच्या भागात केसपेपर कुणी मागत नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, दुसऱ्या दिवशी दिघीवरून विश्रांतवाडीत येते आणि पुढं फुलेनगरवरून पुण्यात जाते. त्या दिवशी दवाखाना रस्त्यावर येतो. टेबल, चार खुर्च्या, वर ताडपत्री, खोक्यांत गोळ्या आणि मलम. परभणीच्या, बीडच्या, नांदेडच्या बाया येतात, पाऊल पुढं करतात. सिस्टर खाली बसून फोड साफ करतात, पट्टी बांधतात, मलमाची ट्यूब हातात देतात. नाव विचारायला वेळ नसतो. रुग्णाला डॉक्टर "माउली", डॉक्टरांना रुग्ण "माउली". नोंदवहीत लिहायला बसलेल्या क्लार्कनं सगळ्यांचं नाव काय लिहावं? तो नुसत्या रेघा मारतो, चार झाल्या की पाचवी आडवी. संध्याकाळपर्यंत पानंच्या पानं रेघा. ना आधार, ना वय, ना पत्ता, आणि तरी एकही पाय पट्टीवाचून पुढं जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच क्लार्क, त्याच सिस्टर, तीच खिडकी. "केसपेपर काढलाय का?"

कुणी म्हणेल, मग रोजच रेघा मारा ना. तसं नाही चालायचं. वारकऱ्याचा फोड उद्या कुणी बघणार नसतं. आजीची साखर मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा बघायची असते आणि मागच्या वेळी किती होती हे त्या कडक घडीच्या कागदाखेरीज कुठं सापडणार? माझं म्हणणं एवढंच की खिडक्या दोन करा, डॉक्टर वाढवा आणि मावशींचा पगार एक तारखेला द्या. तिन्ही कामांना नवी इमारत लागत नाही, त्यामुळं उद्घाटनही होत नाही. ती मागं पडतात ती बहुधा म्हणूनच.

तोवर दवाखान्यात येणाऱ्यांना एक विनंती. सकाळी लवकर या, सुट्टे पैसे आणा, आणि पेशंटला घाईनं आत नेताना दुचाकी गेटच्या तोंडाशी लावून जाऊ नका. तिथून ॲम्ब्युलन्सला आत यायचं असतं, आणि गाडी हलवायला सिक्युरिटीचे दादा तुमच्या मेव्हण्यालाच शोधत येणार आहेत.